शून्याने भागलेला गळ

कोल्हापुरात गळ टाकून बसलेला माणूस ही खासगी व्यक्ती नसते. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर, राजाराम बंधाऱ्याच्या कडेला किंवा कळंबा तलावाच्या बांधावर कुणी काठी धरून बसला, की जरा वेळात त्याच्या पाठीमागे दोन-तीन माणसं येऊन उभी राहतात. त्यांच्यात मासे धरणारा एकही नसतो, आणि मासे धरण्यातलं कळत नाही असाही एकही नसतो. ‘लागतंय का काय?’ हा पहिला प्रश्न. उत्तर नकाराचं आलं की दुसरा तयारच असतो, ‘गळ कितीचा लावलाय?’ हे ‘कितीचा’ रुपयांत विचारलंय की नंबरात, ते विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कुस्तीच्या मैदानात मातीबाहेर बसून डाव टाकणारं आणि फुटबॉलच्या सामन्यात गॅलरीतून पेनल्टी मारणारं हे गाव. ते गळापाशी आल्यावर तोंड मिटून उभं राहील, ही अपेक्षाच गैर. मी स्वतः या बघ्यांपैकीच. हातात काठी धरायची दगदग नाही आणि मासा निसटला तर जबाबदारी नाही, इतकी निर्धास्त जागा अख्ख्या नदीकाठावर दुसरी नाही.

पूर्वी या चर्चेला हद्द होती, कारण सामानालाच हद्द होती. बांबूची काठी, तंगूस, बुचाचा तुकडा, चिमूटभर शिसं आणि गळ. आमिष म्हणजे कणकेची गोळी, नाहीतर परड्यातली ओली माती उकरून काढलेली काडवं. काडू म्हणजे गांडूळ, हे पेठेबाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो. चिलापीला बारका गळ, कटल्याला थोराड, वामीला बळकट, विषय संपला. दुकानदार बरणीतून गळ काढायचा आणि कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. पोरांना तर तेवढंही लागत नसे. टाचणी वाकवली की झाला गळ. तिला टोकाजवळचा उलटा काटा नसे, त्यामुळे लागलेला मासा पाण्याबाहेर येता येता निरोप घेई. पण यात पोरकटपणा काही नाही, ही जुनी वहिवाट आहे. जपानच्या ओकिनावा बेटावर साकितारी गुहेत सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे गळ सापडले आहेत. समुद्री गोगलगाईचा शंख घासून केलेले, आणि उलटा काटा त्यांनाही नाही. एवढ्या वर्षांपूर्वी कुणीतरी गुहेच्या तोंडाशी शंख घासत बसला असणार, आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून दुसरा कुणीतरी ‘जरा मोठा घ्यायचा की’ म्हणाला असणार.

ही हद्द मोडली ती रबरी काडवांनी.

आमच्या घाटावर एक मामा आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांचा सख्खा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत असतो. दिवाळीला तो गावी आला तो एक पेटी घेऊन. पेटीत खणच खण आणि खणाखणांत प्लास्टिकची गांडुळं. कलिंगडाच्या सालीची हिरवी, तीत लाल चमकी. कच्च्या भोपळ्याची हिरवी. जांभळी. काळी, पण शेपूट निळं. एवढे रंग साडीच्या दुकानात दाखवले असते तर बायकांनीसुद्धा निवड करायला दुपार लावली असती. मामांनी त्यातलं एक चिमटीत धरलं, ताणून बघितलं आणि नाकाशी नेलं.

‘वास कसला येतोय रं ह्याला?’

‘लसणाचा, मामा. आत मीठपण घातलेलं असतं.’

‘मीठ झालं, लसूण झाला, मग मिरचीनं काय घोडं मारलंय? कांदा-लसूण चटणीच भरायची की सरळ.’

भाचा हसला नाही. मिठामुळे गांडूळ जड होतं आणि नीट बुडतं, शिवाय तोंडात खारट लागलं की मासा ते लगेच थुंकत नाही, असं त्याने समजावून सांगितलं. हा मासा म्हणजे बास. अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी, थोराड तोंडाचा, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसणारा. पंचगंगेत तो नाही, हे भाच्यालाही मान्य होतं. पण दबा धरून बसणारी आमच्याकडेही एक आहे, मरळ. केंदाळाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, कडेने उथळ पाण्यात राहते, अधूनमधून वर येऊन हवा घेते, पिलांच्या थव्यावर पहारा देते, आणि रश्श्यात अशी लागते की तिचं नाव निघालं तर बघ्यांची रांगसुद्धा मोडते. भाच्याचा हिशोब सरळ होता. बासला जे चालतं, ते मरळीला का चालू नये?

आता केंदाळ ही कोल्हापूरकराच्या आयुष्यातली कायमची गोष्ट. रंकाळ्यात आलं की बातमी होते, नदीत आलं की मोर्चा निघतो. तिथे उघड्या टोकाचा गळ टाकला तर पहिल्या फेकीलाच अर्धा किलो केंदाळ वर येतं, आणि पाठीमागून ‘मोठा लागलाय वाटतं!’ असा आवाज येतो. त्यावर उपाय टेक्सास रिगचा. गळाचं टोक बाहेर ठेवायचंच नाही, ते गांडुळाच्या अंगात लपवायचं. पुढे गोळीच्या आकाराचं शिसं. सगळं सामान केंदाळातून, काट्याकुट्यांतून बिनबोभाट सरकत जातं.

या रबरी गांडुळाची जन्मकथा मला फार आवडते. निक क्रीम नावाचा एक यंत्रकारागीर अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी राहायचा. त्याने बायकोच्या मदतीने घरच्याच स्वयंपाकघरात प्लास्टिक तापवून साच्यात ओतलं आणि १९४९ च्या सुमाराला मऊ गांडूळ बाजारात आणलं. पुढे त्याने धंदा टेक्सासातल्या टायलर गावी नेला. हा माणूस चुकून अ‍ॅक्रनला राहिला. त्याची खरी जागा आमच्या शिवाजी उद्यमनगरात होती. तिथे नमुना दाखवायचा आणि ‘असलंच पायजे’ म्हणायचं, एवढ्यावर काम होतं. संध्याकाळपर्यंत साचा तयार, आणि वर ‘मूळच्यापेक्षा बळकट केलंय’ हा शेरा फुकट. फक्त उद्यमनगरचं गांडूळ बिडाचं निघालं असतं, एवढीच भीती.

गांडूळ ठरलं. आता त्याला गळ कुठला, इथून खरी करमणूक सुरू झाली.

चपलेचा नंबर वाढला की पाऊल मोठं, एवढं कोल्हापुरात चालायला शिकणाऱ्या पोरालाही कळतं. गळाचं उलटं. १० नंबरचा गळ ६ नंबरहून लहान, ६ चा २ हून लहान, २ चा १ हून लहान. म्हणजे आकडा उतरत जातो आणि लोखंड वाढत जातं. बरं, एकावर येऊन तरी थांबावं. पण एकापेक्षा मोठे गळ लागतातच. तेव्हा तिथून पुढे शून्य जोडलं जातं, १/०, २/०, ३/०, आणि आता मात्र आकडा वाढला की गळही वाढतो. सरकारी परिपत्रकातसुद्धा इतक्या मध्यावर धोरण बदलत नाहीत. भाच्याने पाकिटावरचं मोठ्याने वाचलं, ‘थ्री बाय झिरो.’ बघ्यांमध्ये गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते. ते दोन पायऱ्या खाली उतरले.

‘शून्याने भागता येत नाही.’

‘भागाकार नाही सर, साइज आहे ती.’

‘मग मध्ये रेघ कशाला मारलीय?’

याला भाच्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय एका कंपनीचा तीन बाय शून्य दुसऱ्या कंपनीच्या चाराएवढा निघतो, हेही त्याने कबूल केलं. सर समाधानाने परत वर गेले. ज्या भागाकाराला उत्तरच नाही, तो प्रत्येक कंपनीत वेगळा येणारच, असं त्यांच्या पाठीवरून वाचता येत होतं.

नंबरानंतर आकार. नॉर्वेत मुस्ताद नावाची कंपनी आहे. तिच्या मथियास टॉप नावाच्या माणसाने १८७७ मध्ये गळ तयार करणारं स्वयंचलित यंत्र बनवलं. त्याआधी सुया करणारे कारागीर हाताने एकेक गळ वाकवत. हाताने वाकवायचं म्हणजे माणूस चार प्रकारांत थकतो. यंत्र थकत नाही, म्हणून प्रकार थांबत नाहीत. भाच्याच्या पेटीत एक सरळ दांडीचा गळ होता. एक ऑफसेट, म्हणजे दोरी बांधायच्या डोळ्याच्या खालीच दोन काटकोनी वळणं घेतलेला. त्या वळणात गांडुळाचं डोकं अडकून राहतं, खाली घसरत नाही. एक त्याहून पोट सुटलेला, एक्स्ट्रा वाइड गॅप. आणि एक इवलासा, वॅकी रिगचा. तो गांडुळाच्या बरोबर मध्ये टोचायचा, म्हणजे दोन्ही टोकं लोंबकळत राहतात आणि बुडताना हलतात. मामांनी तो प्रकार नीट पाहून घेतला आणि म्हणाले, ‘हे आमी ल्हान असताना करत होतो. त्याला गांडूळ चुकीचं लावलंय म्हणायचे, आणि थोरल्या भावाची एक बसायची.’

लांबीचा हिशोब भाच्याला तोंडपाठ होता. चार इंची गांडुळाला एक किंवा दोन बाय शून्य, सहा-सात इंचीला तीन, दहा इंचीला पाच. त्याने सात इंची, बोटाएवढं जाड गांडूळ निवडलं आणि त्याला नियमाप्रमाणे तीनचा, सरळ दांडीचा, अरुंद गळ घेतला.

लावण्याचं काम मात्र मामांनी हाती घेतलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला. टोक गांडुळाच्या नाकात सरळ खुपसून पाऊण-एक सेंटिमीटरवर बगलेतून बाहेर काढलं. गांडूळ दांडीवरून वर सरकवत डोळ्यापर्यंत नेलं. मग गळ अर्धा फिरवला, टोक गांडुळाकडे वळवलं, आणि गळाचा वाक अंगावर नेमका कुठे येतो तिथे अंगठ्याच्या नखाने खूण केली. त्याच खुणेवर टोक आत घालून पलीकडच्या कातडीखाली आणून ठेवलं. बाहेर आलेलं नाही, पण बोट फिरवलं तर टोचतं. गांडूळ ओळंब्यात सरळ लोंबलं. ते वाकडं बसलं तर पाण्यात गरागरा फिरतं आणि दोरीला पीळ पडतो. भाचा बघतच राहिला. हे त्याने व्हिडिओत पाहून पाहून शिकलं होतं, आणि मामांनी आयुष्यात कधी न पाहता केलं होतं. खऱ्या काडवाला गळ घालून ज्याची बोटं तयार झाली, त्याला खोटं काडू काय जड? ते निदान वळवळत तरी नाही.

तिसऱ्या-चौथ्या फेकीला केंदाळाच्या कडेला पाणी फुटलं. मरळच. भाच्याने काठी जोरात ओढली, दोरी ताणली, क्षणभर वजन जाणवलं, आणि सगळं सैल. बघ्यांनी एका सुरात ‘गेली!’ म्हणून घेतलं. गळ वर आला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. गांडूळ खाली सरकून गळाच्या वाकात चुरमडून बसलं होतं. तिथे प्लास्टिकचा एवढा मोठा गोळा झाला होता की टोक अजून त्याच्या आतच होतं. मरळीने घास घेतला, चावला, ओढला आणि सोडला. गळाने तिला टोचावं असं काही घडलंच नाही. मामांनी गोळा चिमटीत दाबून पाहिला.

‘टोक घरातनं भाईरच पडलं न्हाई.’

एवढ्या वाक्यात गळ निवडण्याचं सगळं शास्त्र आलं. नंबर, कंपनी, रंग, लसूण, हे सगळं नंतरचं. गळाचं टोक आणि दांडी यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, ती काम करते. मासा चावला की गांडूळ चेपतं, घसरतं, गोळा होतं. त्या गोळ्याला जागा देऊन वर टोक बाहेर पडायलाही जागा उरली पाहिजे. गांडुळाच्या जाडीच्या दुप्पट तरी, असा मामांचा अंदाज. बारीक गांडुळाला अरुंद गळ खुशाल चालतो. जाड्याला पोट सुटलेलाच हवा. भाच्याने लांबी मोजली होती, जाडी मोजली नव्हती. गळ घेताना आपण पैसे मोजतो लोखंडाचे, आणि मासा धरते ती लोखंड नसलेली जागा.

कोल्हापूरकराला हे पचायला अवघड जातं, त्याला कारण आहे. मोकळी जागा दिसली की ती भरायची, हा आमचा स्वभाव. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये चार बोटं फट दिसली तर तिसऱ्याला हाक मारतो. ताटात भाकरीच्या बाजूला पांढरं दिसलं तर वाढपी विचारत नाही, रस्सा ओततो. गप्पांत कुणी श्वास घ्यायला थांबला तर त्याचं वाक्य आपण पुरं करतो, बहुतेक वेळा चुकीचं. अशा गावात ‘इथे काही नसू दे’ असं म्हणणारी वस्तू विकत घ्यायची म्हणजे संस्कारांच्या विरुद्ध जायचं.

जागेचा प्रश्न सुटला की ताकदीचा उरतो. टोक प्लास्टिकमधून बाहेर पडून मरळीच्या हाडकट जबड्यात शिरायचं, तर हिसका लागतो. आणि हिसका म्हटलं की गावाचं नाव पुढे लावूनच बोलायची पद्धत आहे. पण हिसक्यालाही गळ जुळावा लागतो. बारीक तारेचा गळ पटकन शिरतो, पण विणलेल्या बळकट दोरीवर कोल्हापुरी हिसका दिला तर तो उलगडून सरळ होतो. जाड तारेचा उलगडत नाही, पण लवचीक काठी आणि पातळ तंगूस असेल तर तो शिरतच नाही. बारीक तार शांत माणसाला, जाड तार तापट माणसाला. माणूस आधी तपासावा आणि गळ नंतर घ्यावा. शाहूपुरीपासून गंगावेशीपर्यंत हिंडलो तरी बारीक तारेला गिऱ्हाईक मिळणं मुश्कील.

माझ्यासारख्या बघ्यालाही यात मोठी परंपरा आहे, हे मी इथेच नोंदवून ठेवतो. कोल्हापुरात शिलाहारांचं राज्य होतं त्या काळात त्यांच्यावरचे सम्राट म्हणजे कल्याणीचे चालुक्य. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने (राज्यकाळ ११२६ ते ११३८) ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत त्याने गळाने मासे धरण्यावर वेगळं प्रकरण दिलंय. मासे कुठले, त्यांना खाद्य काय, सामान कसं, सगळं. सम्राट गळ टाकून बसला म्हणजे पाठीमागे मांडलिक उभे असणारच, आणि ‘महाराज, गळ जरा बारका वाटतोय’ हे अदबीने सांगायचं काम कुणाला तरी करावं लागलं असणार. शिलाहार मांडलिकच होते. कोल्हापूरकराने ती संधी सोडली असेल, असं मला वाटत नाही.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर भाच्याने बासचा जागतिक विक्रम सांगितला. २ जून १९३२, जॉर्जिया राज्य, जॉर्ज पेरी नावाचा तरुण शेतकरी. मासा २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या वर. तो आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून एकच काठी. २००९ मध्ये जपानच्या बीवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली, तीही आमिषाला जिवंत मासा लावून.

‘म्हंजे रबरी काडवावर दोघंबी न्हाईत?’

‘नाहीत. पेरीच्या वेळी ते निघालंच नव्हतं.’

‘आणि त्या पहिल्यानं माशाचं केलं काय?’

‘घरी नेऊन खाल्ला.’

मामांच्या चेहऱ्यावर प्रथमच अमेरिकेबद्दल आदर दिसला. दहा किलोचा मासा धरून त्याच्याबरोबर नुसता फोटो काढणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही.

भाचा पुण्याला गेला आणि जाताना उरलेली गांडुळं मामांना देऊन गेला. मामांनी ती आपल्या नेहमीच्या कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवली. हे मऊ प्लास्टिक काही कडक प्लास्टिकला खातं. पुढच्या वेळी डबी उघडली तर तळ चिकट झाला होता आणि कलिंगडी, भोपळी, जांभळी असा सगळा सर्वपक्षीय समझोता झाला होता. मूळच्या पिशवीत राहिलेलं एक जाडजूड तेवढं शाबूत. ते शर्टाच्या वरच्या खिशात घालून मामा दुकानात गेले, आणि बघ्या या नात्याने मीही गेलो.

‘किती नंबरचा देऊ, मामा?’

‘नंबर घाल चुलीत.’ मामांनी खिशातून लसणाच्या वासाचं गांडूळ काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदार अर्धा पाऊल मागे सरकला. मामांनी एकेक गळ उचलून त्याच्या पोटात गांडूळ आडवं धरून पाहिलं, नाकारलं, परत ठेवलं. शेवटी पोट सुटलेला एक गळ पसंत पडला. दुकानदाराने किंमत सांगितली. मामांनी तो उजेडात धरला.

‘आरं, ह्यात लोखंड केवढं, आणि पैसं केवढं? निम्मी तर नुसती मोकळी जागा हाय.’

दुकानदार पुडी बांधत म्हणाला, ‘मग मामा, कोल्हापुरात जागेचा दर काय चाललाय, ठावं हाय न्हवं?’